मुधोळची पराटी आणि तिची अळी

मृगाचा पहिला पाऊस काळ्या रानावर पडून गेला, भेगाळलेल्या मातीचा वाफारा निवला आणि गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या तिफणी खाली उतरल्या, की बांधाच्या कडेने तांबड्या मखमलीचे इवले ठिपके हलू लागतात. मुधोळच्या मराठी घरातले पोर त्याला मृगाचा किडा म्हणते, भिंतीला भिंत लागून असलेल्या तेलुगू घरातले पोर त्यालाच आरुद्र पुरुगु म्हणते, आणि दखनी बोलणाऱ्या घरी तो बीरबहूटी होतो; संस्कृतात त्याचे नाव इंद्रगोप. मृग लागतो 7 जूनच्या सुमारास आणि आर्द्रा त्यानंतर पंधरा दिवसांनी, तेव्हा एकाच जीवाची नोंद दोन भाषांनी पंधरवड्याच्या अंतराने दोन नक्षत्रांवर करून ठेवली आहे, आणि त्यांतली कोणती खरी हा निवाडा दरवर्षी पाऊसच करतो. प्राणिशास्त्रज्ञ म्हणतील की हा मुळी किडाच नव्हे, त्याला आठ पाय आहेत, सबब तो कोळ्या-गोचिडांच्या गोतातला. परंतु ज्या समाजाचे वर्षभराचे अन्न आभाळावर अवलंबून असते तो समाज पाय मोजीत बसत नाही, ऋतू मोजतो.

मुधोळ म्हटले की दक्षिण महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात घोरपड्यांचे संस्थान आणि तेथील शिकारी कुत्री उभी राहतात. ते मुधोळ घटप्रभेच्या काठचे. येथे ज्याविषयी लिहावयाचे ते मुधोळ गोदावरीच्या उत्तरेस, बासरच्या सरस्वतीच्या आणि भैंशाच्या कापूसपेठेच्या शेजारात वसलेले, निजामाच्या मुलखातील नांदेड जिल्ह्याचा एक तालुका म्हणून कित्येक दशके नांदलेले गाव आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेचा अंमल सुरू झाला तेव्हा या तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही महसुली मंडळे नांदेडातून काढून आंध्र प्रदेशाच्या आदिलाबाद जिल्ह्यास जोडली गेली, आणि आदिलाबादेकडून किनवट, राजुरा हे तालुके व इस्लापूरचे मंडळ मराठी बाजूस आले. 2016 च्या ऑक्टोबरात, तेलंगण राज्यात नवे जिल्हे पाडले गेले त्या वेळी, मुधोळ पुन्हा आदिलाबादेतून निघून निर्मल जिल्ह्यात गेले. साठ वर्षांत गावाची मिसल तीन जिल्ह्यांच्या दफ्तरांत फिरली. सोयरीक, बाजारहाट आणि बोली मात्र आजही धर्माबाद-नांदेडकडे धावते. सरहद्दीचा हा जाबता ज्यांना कधीच कळविण्यात आला नाही असे रहिवासी म्हणजे शेतातील कीटक, आणि त्यांच्याशी या मुलखातील माणसांचा जो व्यवहार झाला त्याचीच ही कैफियत आहे.

राज्यावर येणाऱ्या संकटांना आपल्या पूर्वजांनी ईति असे नाव देऊन त्यांची सहा अशी गणती केली: अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सीमेवर येऊन ठेपलेले परराजे. या यादीत टोळ आणि परराजा एकाच पंक्तीस बसविलेले पाहून आधुनिक वाचक कदाचित स्मित करील, पण निजामाच्या आणि मराठ्यांच्या फौजा ज्या रानांतून आलटून पालटून गेल्या त्या गोदातीरावरच्या कुणब्यास या वर्गीकरणात विनोद मुळीच दिसला नसता. मराठीने तर त्या कीटकाच्या आगमनास टोळधाड असा लष्करी शब्दच बहाल केला. 1901 ते 1908 या वर्षांत पश्चिम हिंदुस्थानात टोळांचा जो प्रसिद्ध प्रादुर्भाव झाला तो वाळवंटी टोळांचा नसून आपल्याच डोंगर-जंगलांत वाढणाऱ्या, शास्त्रज्ञांनी ‘मुंबईचा टोळ’ म्हणून नोंदलेल्या जातीचा होता, आणि त्याच काळात पुसा येथे सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमलेल्या मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी त्याजवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. थाळ्या-डबे बडविणे, ओला पाला पेटवून धूर करणे, चर खणून पिलांना त्यांत लोटणे हे उपाय शास्त्राच्या पूर्वीचे आणि शास्त्राच्या नंतरचेही. 2020 च्या मे महिन्यात वाळवंटी टोळ अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत येऊन ठेपले तेव्हा तेलंगण सरकारने गोदावरीकाठच्या आपल्या उत्तरेकडील जिल्ह्यांना सावधगिरीचे हुकूम सोडले; औषध फवारणारी यंत्रे सज्ज झाली, आणि गावोगावी थाळ्याही बाहेर निघाल्या.

धाडीचा शत्रू डोळ्यांना दिसतो. बिनबोभाट काम करणारा त्याहून चिवट. हैदराबादेत निजामाचे दिवाण सालारजंग यांनी 1865 च्या सुमारास जिल्हेबंदी केली, अव्वल तालुकदारापासून गिरदावर-पटवाऱ्यापर्यंत कागदाची उतरंड रचली, आणि तो सारा कागद रुमालांत बांधून दफ्तरखान्यांच्या फडताळांत जाऊन बसला, की वाळवीने आपली स्वतंत्र जमाबंदी सुरू केलीच म्हणून समजावे. वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला, तंबाखूची पाने, सापाची कात, जे ज्याला सुचेल ते दफ्तरात घातले जाई. फारसी लेखक-नकलनवीस तर हस्तलिखिताच्या आरंभी ‘या कबीकज’ असा धावा लिहून कीटकांच्या अधिपतीस शरण जात, म्हणजे त्या अधिपतीच्या नावाचा मान राखून त्याची रयत पुस्तकाच्या वाटेस जाऊ नये. आणि गंमत अशी की ज्या सरकारचा कागद एक कीटक खात होता त्याच सरकारच्या लखोट्यांवर दुसऱ्या कीटकाची मोहर होती. कारण लखोटा बंद करणारी लाख ही पळस-बोरी-कुसुंबाच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करणाऱ्या किड्याचाच स्राव, आणि आदिलाबादच्या जंगलात पळसाला कधी तोटा नव्हता. वाळवीच्या बाबतीत तर आमच्या लोकांची वृत्ती मोठी गमतीची आहे. घराच्या वाशाला ती लागली की तिच्यावर उकळते पाणी ओतायचे, आणि तिनेच रानात उभारलेल्या वारुळाला मात्र श्रावणातल्या पंचमीस हळदकुंकू, लाह्या आणि दूध वाहावयाचे. मराठी बायका वारूळ म्हणतात, तेलुगू बायका पुट्ट म्हणतात. पूजा नागाची असते हे खरे, पण नागाला राहायला वाडा बांधून दिला कोणी, हे काही कोणी विचारीत नाही.

असो. टोळ हा पाहुणा, वाळवी ही घरची. मुधोळच्या शेतकऱ्याचे ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या देणेघेणे पडले, ज्याच्या हिशेबाने लग्ने ठरली आणि मोडली, तो कीटक निराळाच आहे; तो बोंडात राहतो.

या प्रदेशाचा मूळ कापूस गावरानी. व्यापारात त्याला हैदराबाद गावरानी म्हणत, आणि त्याच्या उत्तम प्रकारास बाणी हे नाव होते. देशी कापूस म्हणजे आखूड आणि खरखरीत धाग्याचा, ही समजूत ज्याने खोटी ठरविली असा हा वाण. नांदेडच्या तलम वस्त्रांची ख्याती याच्याच जोरावर. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादेहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडकडे जाणारी मीटरगेज गाडी बासर, धर्माबाद, उमरीवरून धावू लागली तेव्हा या पट्ट्यातल्या कापसाला मुंबईचे दार उघडले, आणि जिनांची धुराडी उभी राहिली. 1918 मध्ये परभणीस सरकारी शेतीक्षेत्र निघाले, पुढे नांदेडास कापसाचे संशोधन सुरू झाले, आणि गावरानीची निवड करकरून त्याचे शुद्ध वाण काढण्यात आले. हा कापूस उत्पन्नाला बेताचा, बोंडे लहान, पण अंगाने काटक. तुडतुडे, मावा यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींपुढे तो सहसा मान टाकीत नसे, आणि जमिनीतली ओल संपली की माघात आपणहून वाळून जाई. पराटी, म्हणजे कापसाचे झाड, उपटून शेत मोकळे होई, आणि अळीचेही अन्नछत्र बंद पडे.

बोंडात शिरणाऱ्या अळ्या तीन. भेंडीच्या पिकावर वाढून कापसावर येणारी ठिपक्यांची. हरभऱ्याच्या घाट्यांपासून तुरीच्या शेंगांपर्यंत सारे काही पसंत असणारी हिरवी. आणि कापसावाचून जिचे दुसऱ्या कशावर फारसे चालत नाही ती शेंदरी, जिला अलीकडची वर्तमानपत्रे गुलाबी बोंडअळी म्हणतात. शेंदरीचा जन्मदाखला ठाऊक आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी प्रतीचा कापूस हिंदुस्थानातून मिळावा म्हणून कंपनी सरकारने 1840 मध्ये अमेरिकेतून कापूसतज्ज्ञ मळेवाले आणवले, ठिकठिकाणी अमेरिकी सरकी पेरून पाहिली, आणि भडोचच्या सरकारी मळ्यात तसल्या पिकाचा एका अळीने असा फडशा पाडला की तेथील अधिकाऱ्याने तिचे नमुने विलायतेस धाडले. त्यावरून सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने 1843 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे शास्त्राच्या दफ्तरात ही अळी रुजू झाली तीच मुळी परक्या कापसाची तक्रार म्हणून. मला या नोंदीत पुढच्या पावणेदोनशे वर्षांचा सारा कज्जा बीजरूपाने दिसतो.

सरकीतून प्रवास करणे हा तिचा विशेष. थंडीच्या अखेरीस वाढलेली अळी लगेच कोष करीत नाही. दोन सरक्या रेशमाने एकमेकींस जोडून त्यांच्या पोकळीत ती निजते, आणि ही निद्रा काही महिने, प्रसंगी दोन वर्षांहूनही अधिक टिकते. या निद्रिस्त अवस्थेत तिने जे देशाटन केले त्याला तोड नाही. 1906-07 च्या सुमारास हिंदुस्थानातून इजिप्तला गेलेल्या कापसाबरोबर ती नाईलकाठी उतरली, तेथील सरकीतून मेक्सिकोस पोहोचली, आणि 1917 मध्ये टेक्सासात हर्न या गावी सापडली. इजिप्तच्या सरकारने जिनांतच सरकी तापवून आतली अळी मारण्याची सक्ती केली. इकडे मद्रास इलाख्यात 1919 साली शेतीच्या किडी-रोगांबद्दलचा कायदा झाला आणि कंबोडिया कापसाची झाडे ठरावीक तारखेच्या आत उपटलीच पाहिजेत असा दंडक घालण्यात आला. आपला किडा जगभर वसाहती करीत असता आपण मात्र 1914 च्या कायद्याखाली मुंबई बंदरात अमेरिकी गाठींना विषारी वायूची धुरी देत होतो; भीती ही की तिकडचा बोंडावरचा भुंगेरा आपल्याकडे न यावा. तो आला नाही, हे त्या धुरीचे श्रेय मानावयास हरकत नसावी.

शेतकऱ्याने या अळीचा अभ्यास पुस्तकाशिवाय केला होता, आणि त्याची परिभाषा तयार होती. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबकळीसारखे मिटलेले, न उमलणारे फूल म्हणजे डोमकळी. ती दिसली की आत अळी आहे. पातेगळ म्हणजे काय आणि ती पावसाने झाली की किडीने, हे वेचणाऱ्या बाईला झाडावर नजर टाकताच कळे. किडलेल्या बोंडातील घट्ट, डागाळलेली, अर्धवट उकललेली फोड म्हणजे कवडी. कवडीकापूस वेगळ्या ओट्यात वेचायचा, वेगळ्या भावाने विकायचा. आणि शेवटचा शब्द फरदड. वेचण्या संपल्यावर पराटी न उपटता तिला पाणी देऊन दुसरा बहर घ्यायचा, त्या उत्पन्नाला फरदड म्हणतात. कोरडवाहू गावरानीच्या काळात या शब्दाला फारसे काम नव्हते.

काम आले ते पाणी आणि संकर यांच्याबरोबर. 1963 मध्ये पोचमपाडला गोदावरीवरील धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे त्याच्या फुगवट्याचे पाणी थेट बासरच्या परिसरापर्यंत उभे राहिले. विहिरींना विजेचे पंप बसले. 1970 मध्ये सुरतेहून एच-4 हा संकरित कापूस निघाला, आणि 1980 च्या दशकात खुद्द नांदेडच्या संशोधन केंद्राने एनएचएच-44 हा वाण देऊन मराठवाडा-विदर्भ-आदिलाबादचे काळे रान व्यापून टाकले. बोंडे मोठी, धागा लांब, भाव बरा. कोणीही शहाणा मनुष्य हेच पेरील, आणि सर्वांनी तेच पेरले. मात्र या कापसाची जात अमेरिकी, पाने कोवळी, खताने टरारलेली, आणि हंगाम लांब. तुडतुड्यांना मेजवानी मिळाली आणि बोंडअळीच्या दोन पिढ्या जेथे होत तेथे चार होऊ लागल्या. माझे म्हणणे एवढेच, की मुधोळच्या रानात अळी वाढली असे जे आपण म्हणतो ते अर्धसत्य आहे. वाढविला गेला तो कापसाचा हंगाम, आणि अळी त्या वाढीव मुदतीचे कूळ झाली.

मग आले औषध. या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. ज्या द्रवाचा थेंब जिभेवर गेला तर मनुष्य मरतो त्याला मराठी शेतकरी औषध म्हणतो, तेलुगू शेतकरी पुरुगुल मंदु, म्हणजे किड्यांचे औषध म्हणतो, आणि दखनीत ती दवा असते. तीन भाषांत, एकाही पंडिताने न सुचविता, हेच एक नाव पडले आहे. औषध म्हटले की आजार एकदाचा बरा होतो ही अपेक्षा त्या नावात असतेच. 1980 च्या सुमारास कृत्रिम पायरेथ्रॉइडे बाजारात आली, आणि 1987 मध्येच किनारी आंध्रात हिरवी बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली. 1997-98 च्या हंगामात वरंगळकडे कापूस किडींनी नासला, आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांनी किडीसाठी आणलेले तेच औषध स्वतः घेतल्याच्या बातम्या देशभर गेल्या. 2017 मध्ये आदिलाबादला लागून असलेल्या यवतमाळात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ईतींच्या जुन्या यादीत अशा मृत्यूसाठी रकाना नाही.

2002 च्या मार्चमध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा विषगुण झाडातच घातलेला, म्हणजे औषध बाहेरून मारण्याचे कारण नाही. आणि पहिली काही वर्षे हिरव्या अळीचा खरोखरच बंदोबस्त झाला, हे निंदकांनीही मान्य करावे. सरकारी दंडक असा होता की 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर दिलेली 120 ग्रॅम साधी सरकी शेताच्या कडेने लावावी, म्हणजे त्या झाडांवर विषाची सवय नसलेले पतंग वाढतील, विष पचविलेल्या पतंगांशी त्यांचा संकर होईल, आणि किडीच्या कुळात ती विद्या पक्की होणार नाही. शत्रूसाठी जाणूनबुजून एक ओळ पेरून ठेवायची ही कल्पना शेतकऱ्याच्या गळी उतरविणे सोपे नव्हते, आणि ते कोणी फारसे मनावरही घेतले नाही. छोटे पाकीट बहुधा बांधावरच पडे. पक्ष्यांसाठी धाटे राखणारा, मुंग्यांना साखर घालणारा हाच समाज; पण मुंगीने त्याच्याकडे कर्जाचा हप्ता कधी मागितला नव्हता. 2010 मध्ये गुजरातेत शेंदरी अळीने बीटीच्या पहिल्या पिढीला जुमानले नाही, 2015 च्या आसपास दुसरीलाही, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडे आतून पोखरून निघाली. अमेरिकेने पुढच्याच वर्षी, 2018 च्या ऑक्टोबरात, आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपूर्ण नष्ट झाल्याचे जाहीर केले. तेथे बीटी होतेच, पण जोडीला वांझ केलेले पतंग आकाशातून सोडले गेले, कामगंध सापळे लावले गेले, आणि मुख्य म्हणजे ठरल्या दिवशी शेते नांगरून मोकळी केली गेली. 1843 मध्ये जिथून तिची नोंद झाली तो मुलूख मात्र तिच्या ताब्यात राहिला.

मुधोळास कापसाचे संशोधन केंद्र आहे, आणि तेथून निघालेल्या देशी वाणांच्या नावाआधी ‘एमडीएल’ ही गावाच्या नावाची अक्षरे लागतात. गावरानीचे वंशज तेथे प्रयोगाच्या वाफ्यांत उभे असतात. बाहेर, भैंशाच्या बाजारात, दिवाळीनंतर जो कापूस गाड्या भरभरून येतो तो जवळजवळ सर्व संकरित बीटी.

दरवर्षी डिसेंबर सरताना कृषी खात्याची माणसे गावात येतात, मराठीत व तेलुगूत छापलेली पत्रके वाटतात, फरदड घेऊ नका, पराटी उपटून टाका, तिचे ढीग घराजवळ रचू नका असे सांगून जातात. माणसे ऐकून घेतात. पण पराटी म्हणजे सरपण आहे. काळ्या रानात झाडे थोडी, गॅसची टाकी महाग, आणि पावसाळ्यात भाकरीला दुसरे जळण आणायचे कोठून? म्हणून उन्हाळाभर घरामागे पराट्यांची गंजी उभी राहते, तिच्यात न उकललेली काळी बोंडे राहतात, आणि बोंडांत जोडलेल्या सरक्या. मृग बरसला की बाई पदर डोक्यावर घेऊन ओल्या गंजीच्या पोटातून कोरड्या काड्या ओढून काढते आणि चूल पेटवते. त्याच ओलाव्याने उरलेल्या गंजीतून संध्याकाळी राखी रंगाचे बारीक पतंग निघतात आणि शेताकडे जातात, जिथे सरकी टोबून झालेली असते आणि बांधावर पोरे काडेपेटीत मृगाचे किडे, म्हणजे आरुद्र पुरुगु, गोळा करीत असतात.